धुपाला निखारा लागतो

यंदाच्या अंकाचा विषय 'गंध' ठरला आणि संपादकांचा फोन आला. चीनमधल्या ताओपंथी साधनेत हाताने वळलेल्या उदबत्तीला केवढं मोल असतं, याबद्दल काहीतरी वाचून ते भारावले होते. "तसलं आपल्याकडे काय आहे ते बघा," म्हणाले. आपल्याकडे म्हणजे नेमकं कुठे, ते त्यांनी माझ्यावर सोडलं. मी महाड-पोलादपूर म्हटलं. फोनवर थोडी शांतता पसरली. महाडचा वास म्हटला की बहुतेकांना एमआयडीसी आठवते, रासायनिक कारखान्यांची. महामार्गावरून जाताना गाडीच्या काचा वर करायला लावणारा वास. पण हेच दोन तालुके असे आहेत की जिथे गावदेवाचं कुठलंही काम आजही धुराशिवाय सुरू होत नाही. शिवाय इथे गावदेवही आहे, पेठेत ऊद फिरवणारा फकीरही आहे आणि चवदार तळंही. एकाच धुराला तीन वेगळे अर्थ लागतात, ते पाहायला याहून सोयीची जागा मला सुचली नाही.

राखेची साय धरली की

पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढायला लागतो, त्याच्या अलीकडे सावित्रीच्या दोन्ही अंगांना वाड्या विखुरल्या आहेत. त्यातल्या एका गावात देवीचं देऊळ आहे. कौलं जाऊन स्लॅब आला, भिंतींना छातीएवढ्या उंचीपर्यंत ग्रॅनाइट लागला. मुंबई मंडळाच्या वर्गणीतून हे झालं, तसा फलकही आहे. देवी मात्र तीच. शेंदूर चढून चढून डोळ्यांपुरती उरलेली.

गुरवबुवांचं घर देवळाच्या खालच्या अंगाला. ते चिमट्याने निखारे उचलून लोखंडी धुपाटण्यात भरतात आणि वर पांढरी पडलेली शेणी मोडून पसरतात. लाकडाचा निखारा तडतडतो, ठिणगी उडते. शेणीचा शांत असतो आणि सावकाश विझतो, म्हणून तोच बरा असं त्यांचं मत. देवळात पोचल्यावर लगेच काही टाकायचं नाही. थांबायचं. मी विचारलं, कशासाठी?

"लाल इंगळावर राळ टाकली तर ती पेट घेते," बुवा म्हणाले. "काळा धूर होतो. देवीच्या तोंडावर काजळी. निखाऱ्यावर राखेची साय धरली की मग टाकायची."

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर राळ, ऊद, गुग्गुळ हे झाडांचे वाळलेले चीक. ते जळायला नको असतात, तापून त्यांची वाफ व्हायला हवी असते. ज्वाला मिळाली की त्यातला सुगंधी भाग जळून जातो आणि काजळी उरते. राखेचा पातळ थर मध्ये आला की उष्णता बेताची पोचते आणि दाट पांढरा धूर निघतो. बुवांना हे कुणी शिकवलेलं नाही. वडिलांचा हात पाहून आलं.

धूप सुरू होईपर्यंत देवळात मोबाइलवर बोलणं, पावसाच्या गप्पा, ग्रामपंचायतीची उणीदुणी असं सगळं चालू होतं. राळेची पहिली चिमूट पडली आणि टोप्या डोक्यावर चढल्या. घंटा वाजवून कुणी शांत केलं नव्हतं. मग बुवांनी गाऱ्हाणं घातलं. कुणाच्या मुलीचं लग्न जमेना, कुणाची गाय आटली, कुणाला दुबईचा व्हिसा हवा होता. प्रत्येक गाऱ्हाण्याआधी पुन्हा एक चिमूट. राळ संपत आली तशी बुवांची चिमूटही बारीक होत गेली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. कौल लावायचा होता तेव्हा मात्र त्यांनी हात सैल सोडला. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडची पडली तर होकार.

सगळं उरकल्यावर धुपाटण्यातली राख वाटली गेली. हा अंगारा. कपाळाला लावायचा, थोडा जिभेवर, उरलेला कागदाच्या पुडीत. एका बाईंनी तीन पुड्या बांधल्या. नालासोपाऱ्याचा मुलगा, डोंबिवलीची मुलगी आणि एक "असू द्या" म्हणून. पुड्या एसटीने जाणाऱ्या शेजाऱ्याच्या पिशवीत गेल्या. सुगंधाचा एक शब्दही त्या दिवशी कुणी काढला नाही. वास छान येतोय, असं म्हणणारा मीच एकटा होतो, आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं गेलं.

महाशिवरात्रीनंतर महाडच्या वीरेश्वराचा छबिना भरतो. पंचक्रोशीतल्या गावदेव्या पालख्या-काठ्यांनिशी भेटीला येतात, त्यात विन्हेऱ्याच्या झोलाईचा मान मोठा. तिथेही पालखीपुढे धुपाटणं असतंच. पण त्या गर्दीत, ढोलांच्या कल्लोळात ते शोधावं लागतं.

बाजारातली पोती

राळ येते कुठून? महाडच्या बाजारपेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात याचं उत्तर पोत्यांत भरून ठेवलेलं आहे. दिवाळीआधीचे दिवस असल्याने दुकानदार उटण्याच्या गडबडीत होते. गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा. शेजारीच राळ, ऊद, गुग्गुळ, लोबान. गावदेवाला घातला जातो म्हणून हा माल गावचा असेल, अशी आपली समजूत असते. तसं नाही. राळ मध्य भारतातल्या सालवनांतून येते. गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या काटेरी झुडपाचा. जास्त चीक मिळावा म्हणून खोल चिरे घातले की ते झुडूप मरतं, आणि आता त्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींत झाली आहे. ऊद तर सुमात्रा बेटावरचा. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पाण्यावर गलबतं महाडच्या बंदरापर्यंत येत असत, त्या काळी असला परदेशी माल इथे उतरणं नवलाचं नव्हतं. गावाबाहेरची गांधारपाल्याची लेणी याच वाटेवरच्या व्यापाराच्या आधाराने उभी राहिली. आज ऊद मुंबईच्या मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून टेम्पोने येतो.

"स्वस्तातली राळ मागितलीत तर देईन, पण ती राळ नाही," दुकानदारांनी आपणहून सांगितलं. ते पाइनचं रोझिन असतं, सोल्डरिंगला वापरतात ते. धूर भरपूर, डोळे चुरचुरतात. बहुतेक देवळांची खरेदी यातलीच. गुरवाने स्वतःच्या खिशातून आणायचं म्हटल्यावर आणखी काय होणार?

दर गुरुवारी याच पेठेतून ऊद फिरवणारा फकीर जातो. दुकानाच्या उंबऱ्यावर धुपाटणं हलवतो, गल्ल्यावर धूर जाऊ देतो, नाणं घेतो. हिंदू दुकानदारही त्याला थांबवतात. त्याच्या धुपाटण्यातला निखारा हॉटेलच्या भट्टीतला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धुपाचा माल असा दूरचा, उदबत्तीचा मात्र सगळाच तसा नाही. गुळंब हे सह्याद्रीतलं झाड. त्याची साल वाटली की चिकट होते. या सालीच्या पुडीला उदबत्तीच्या धंद्यात जिगट म्हणतात आणि तिच्यावाचून मसाला काडीला धरत नाही. कर्नाटकातल्या उदबत्ती-उद्योगासाठी दक्षिणेकडच्या घाटांत गुळंबाच्या साली बेसुमार सोललेल्या आहेत. खोडाभोवती पूर्ण साल काढली की झाड वठतंच. गंमत अशी की जपानी आणि चिनी उदबत्तीलाही पारंपरिक बंध येतो तो याच वंशातल्या झाडांच्या सालीचा. मॅकिलस हे त्या वंशाचं शास्त्रीय नाव. गुळंबाचं जुनं शास्त्रीय नावही त्यातच. दोन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता एकाच झाडाच्या भावंडांवर चाकू चालवला.

माजगावचा सेनापती

संपादकांच्या ताओपंथासाठी मला चीनला जावं लागलं नाही. डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरून नवाब टँक रोडने चालत गेलं की माजगावातलं चिनी देऊळ लागतं. 1919 मध्ये कँटनच्या बाजूच्या लोकांनी, बंदरात कामाला आलेल्यांनी ते उभारलं. लाल रंगाची छोटी दुमजली वास्तू. खाली क्वान यिन, करुणेची देवी. वर क्वान कुंग, तिसऱ्या शतकातला एक सेनापती, जो नंतर देव झाला आणि ताओपंथीयांनी त्याला सम्राटपदाला नेऊन बसवलं. 1962 च्या युद्धानंतर मुंबईतली चिनी वस्ती पांगली. आता गर्दी होते ती चिनी नववर्षाला.

इथे येणारा माणूस तीन काड्या पेटवतो, दोन्ही हातांत धरून कपाळाशी नेतो, वाकतो आणि राखेने भरलेल्या पात्रात खोचतो. काड्या जळून जातात, राख तिथेच पडते. जुन्या राखेवर नवी. हे पात्र धुऊन पुसून लख्ख करायचं नसतं. काड्यांची टोकं वेचून काढतात, फार भरलं तर थोडी राख काढतात, पण मूळ राख राहू देतात. चिनी समाज परगावी जाऊन नवं देऊळ उभारतो तेव्हा मूळच्या देवळातून या राखेचा थोडा अंश नेतो आणि नव्या पात्रात घालतो. मूर्ती कुणीही घडवेल, देवाचा संबंध मात्र राखेतून जोडला जातो. मग दरवर्षी लेकीने माहेरी यावं तसा नव्या देवळाचा देव जुन्या देवळाला भेटायला जातो. झोलाई आणि वीरेश्वराच्या भेटीशी हे ताडून पाहण्याचा मोह होतो. फरक तेवढाच ठळक आहे. आपला अंगारा वाटून संपवायचा असतो, त्यांची राख साठवायची असते.

ताओपंथी विधीच्या आत शिरलं की धूर आणखी कामाचा होतो. पाचव्या शतकातला लू शिउजिंग हा ताओपंथाला शिस्त लावणारा आचार्य. घरच्या साधनेची खोली कशी असावी, हे त्याने लिहून ठेवलं आहे. त्या खोलीत चारच वस्तू: धूपपात्र, दिवा, अर्ज लिहायचं मेज आणि लिखाणाचा चाकू. बाकी काही नाही. धूपपात्राच्या शेजारी अर्जाचं मेज! स्वर्ग म्हणजे मोठं सरकारी खातं, आणि माणसाची व्यथा तिथे लेखी अर्जाने पोचायची. विधीच्या आरंभी पुरोहित धूपपात्र 'प्रज्वलित' करतो, ते बाहेरही आणि ध्यानात स्वतःच्या देहातही. त्या धुरावर स्वार होऊन देहातले दूत अर्ज वर घेऊन जातात. विधी संपल्यावर पात्र पुन्हा शांत करायचा वेगळा संस्कार असतो. ध्यानाला बसायचा वेळही एका काडीने मोजत. काडी संपली, बैठक संपली. म्हणून काडी एकसारखी जळणं महत्त्वाचं, आणि म्हणून वळणाऱ्या हाताला किंमत. माओशान डोंगरावर राहिलेला ताओ होंगजिंग हा ताओपंथी आचार्य औषधी वनस्पतींचाही मोठा भाष्यकार होता. जे मुळं-साली ओळखत होते, त्यांच्याच हातात धुपाचा मसाला होता. आपल्याकडे हे काम काष्ठौषधीच्या दुकानदाराकडे राहिलं.

पोलादपूरच्या गुरवबुवांना मी हे सगळं सांगितलं. अर्जाचा भाग त्यांना पटला. "आमचं तोंडी," एवढंच म्हणाले.

सिरींजमधून

महाड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायका धूपकांडी करतात. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. वाळलेलं शेण कुटून वस्त्रगाळ करायचं. त्यात राळ, गुग्गुळ, नागरमोथा, कापूर, थोडं तूप. जिगट घालून पाणी शिंपडत कणीक मळल्यासारखं मळायचं. मग वापरून झालेल्या नव्हे, नव्याच आणलेल्या सिरींजचं टोक कापायचं, त्यात लगदा ठासायचा आणि दट्ट्या दाबून कांडी बाहेर काढायची. एका मापाच्या कांड्या पटापट पडतात. वळणाऱ्या वहिनींनी मला एक करायला दिली, ती मधेच तुटली आणि सगळ्या मनापासून हसल्या.

खरी अडचण वाळवण्याची. उन्हात टाकली तर कांडी तडकते आणि वास उडतो, म्हणून सावलीत वाळवायची. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. जून ते सप्टेंबर सावलीत ठेवलेल्या कांडीला बुरशी धरते. "गणपतीला माल पाहिजे आणि गणपतीतच तो होत नाही," गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या. उन्हाळ्यात करून ठेवावा तर भांडवल अडकतं. दुसरी अडचण शेणाची. गुरं कमी झाली. ज्यांच्याकडे आहेत ते आता शेण फुकट देत नाहीत. आणि तिसरी, बाजारात दहा रुपयाला मिळणारा रंगीत पुडा, ज्याच्याशी सिरींज भिडूच शकत नाही. विक्री होते ती ओळखीपाळखीत आणि तालुक्याच्या प्रदर्शनात.

या कांडीचं कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते. तिच्यात शेण आहे, म्हणजे जळण तिच्याच पोटात आहे. काडेपेटी लावली की काम झालं. बुवांच्या धुपाला मात्र बाहेरून निखारा लागतो. हाताने केलेली धूपकांडी म्हणजे आपल्या जुन्या धुपाचं पुनरुज्जीवन, असं पाकिटावर छापलेलं असलं तरी ती चिनी काडीची नातलग आहे. बुवांनी ती वापरून पाहिली होती. राख फार कमी पडते, ही त्यांची तक्रार.

तळ्याकाठची मेणबत्ती

महाडला धुराबद्दल लिहायचं आणि चवदार तळं टाळायचं, हे जमणार नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृती जाळली गेली. दर 20 मार्चला इथे लोक लोटतात. क्रांतिस्तंभाशी, तळ्याकाठी मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते. बुद्धवंदनेत फूल, दीप आणि धूप या तिन्हींच्या पूजेच्या गाथा आहेत, त्यामुळे अगरबत्ती इथे घरोघरी आहे. पण धुपाटणं नाही, अंगारा नाही, कौल नाही.

तिथे भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मी हा फरक विचारला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आमच्या आजोबांनी गावच्या देवाची सगळी कामं केली. पालखीपुढे मशाल धरली. गाभाऱ्यात मात्र पाऊल टाकायचं नव्हतं, अंगारा वरून टाकत. तो आम्ही 1956 ला सोडला." अगरबत्ती का ठेवली? "शीलाचा सुगंध वाऱ्याच्या उलट दिशेलाही जातो, एवढी आठवण राहावी म्हणून. तिच्याकडे मागायचं काही नाही."

या लेखासाठी मी जे काही ऐकलं, त्यात गंधाबद्दल बोललेलं हे एकमेव वाक्य. गावदेवाच्या देवळात धूर निरोप नेतो आणि राख प्रसाद होते. पेठेत तो उंबरा राखतो. तळ्याकाठी मात्र निरोप न्यायचा नाही आणि राखेचं काही करायचं नाही, तेव्हाच गंध गंध म्हणून उरतो.

त्या अगरबत्त्या यंत्रावरच्या असतात, हे खरं. बांबूची काडी कित्येक वर्षं बहुतांशी चीन आणि व्हिएतनाममधून येत होती. 2019 मध्ये केंद्र सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, 2020 मध्ये काडीवरची जकात वाढवून 25 टक्के केली. तोवर महाडच्या तळ्याकाठी आणि माजगावच्या देवळात एकाच देशातली काडी जळत असण्याचा संभव बराच होता.

गॅस आला

आता निखाऱ्याकडे येतो. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पोलादपूरच्या वाड्यांत सिलिंडर पोचले. त्याआधीही मुंबईच्या पैशातून ते येत होतेच. चूल गेली. जायलाच हवी होती. धुराने डोळे आणि छाती खराब झालेल्या आयाबहिणींसमोर चुलीचे गोडवे गाणाऱ्याने आधी आठवडाभर ओल्या लाकडावर भाकऱ्या भाजाव्यात. पण चुलीबरोबर निखारा गेला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गॅसच्या शेगडीतून निखारा निघत नाही. संध्याकाळी देवापुढे धूप घालायचा तर विस्तव मागायला जायचं कुणाकडे? घरोघरचा धूप असा मुकाट्याने बंद पडला. श्रद्धा उडाली म्हणून नाही, नास्तिकांच्या प्रचाराने नाही, महागाईनेही नाही. त्याची जागा काडीने घेतली, कारण काडीला निखारा लागत नाही.

देवळांनी आपापले उपाय काढलेत. एका ठिकाणी हुक्क्याच्या कोळशाच्या गोल टिकल्या वापरतात. लवकर पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा असतो. पेटताना त्या फुसफुसतात आणि पहिली दोन मिनिटं राळेला त्यांचाच वास येतो. एका ठिकाणी विजेवर तापणारी धूपदाणी आहे. वीज गेली की गाऱ्हाणं थांबतं, आणि पावसाळ्यात वीज जातेच. तिच्यात राख पडत नाही, म्हणून अंगारा वेगळा, पुडीत आणलेला. फकिराचं बरं चाललंय, कारण हॉटेलची भट्टी अजून कोळशाची आहे. आमच्या गुरवबुवांच्या घरी गॅस आहेच. केवळ देवीसाठी ते अंगणात एक चूल राखून आहेत, आणि त्यांचा मुलगा पनवेलला नोकरीला आहे.

तैपेईत याच क्वान कुंगाचं शिंगथ्येन नावाचं प्रसिद्ध देऊळ आहे. 2014 च्या ऑगस्टमध्ये त्याने प्रदूषणाच्या कारणावरून धूपपात्रंच हटवली. वाद झाला, लोक हळहळले, पण निर्णय समोरासमोर झाला. आता तिथे भाविक नुसते हात जोडतात. आपल्याकडे असा निर्णय कुणी घेतलेला नाही. सिलिंडर आला आणि तो आपोआप झाला.

धूप वाचवायचा म्हणून प्रशिक्षणं होतात ती वळण्याची. वळायला चार दिवसांत येतं. राखेची साय कधी धरते ते कळायला रोज विस्तव हाताळावा लागतो, आणि तो हाताळणारं माणूस दर गावात एखादंच उरलंय. धूप चालावा की बंद व्हावा, यावर माझा आग्रह नाही. बंद करायचा तर तैपेईसारखा उघडपणे ठरवून करा. चालवायचा असेल तर शिमग्याला गावी जाणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. देवळाची पुढची वर्गणी ग्रॅनाइटला देऊ नका. मागच्या अंगाला धुराडं असलेली एक खोली, पावसाळ्यापुरत्या कोरड्या शेण्या, खरी राळ आणि विस्तव राखणाऱ्या माणसाला महिन्याचे पैसे, एवढ्याला द्या.